सुट्टीनंतरची डोकेदुखी

आमच्या संस्थेच्या शाखेची सभा माझ्या पडवीत भरते. शाखेला स्वतःची जागा नाही, अलिबागच्या शाळेचा हॉल लग्नांना जातो, आणि माझ्याकडे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. नागावला आमची लहानशी नारळाची वाडी आहे, तिच्यातल्या दोन खोल्या मी पर्यटकांना देते. शनिवार-रविवार त्यांचे. त्यामुळे विमानं, क्षेपणास्त्रं आणि देशाचं संरक्षण या विषयांवर आम्ही मंगळवारी दुपारी चर्चा करतो, भरतीच्या वेळी समुद्रावर बनाना बोटीत बसलेल्या लोकांच्या किंकाळ्या ऐकत.

संस्था मोठी आहे. विमानं, रॉकेटं, तोफगोळे आणि त्यांना लागणारा शंभर प्रकारचा माल बनवण्यात किंवा तपासण्यात ज्यांचा जन्म गेला, अशा लोकांची. देशभर शाखा आहेत. मोठ्या शहरांत तिची गारगार सभागृहं आहेत, तिथे परिषदा होतात, गळ्यात ओळखपत्रं घालून तरुण मुलं ड्रोन दाखवतात. आमच्या किनाऱ्यावर मात्र निवृत्त होऊन गावी परतलेले आम्ही जुने लोक. दोघेतिघे उरणहून येतात, करंज्याहून रेवसला तरीने, आणि आले की पहिला अर्धा तास तरीच्या वेळापत्रकाला शिव्या देतात. नोकरीत असलेले तरुण इंजिनिअर सभासद होतात, प्रमाणपत्र घेतात, आणि मग फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभात म्हणायला उरतात.

मी सचिव. नोकरीत असताना मी माल तपासणीत होते. कारखान्याने केलेला माल सैन्याकडे जाण्याआधी जे लोक तो पास करतात किंवा परत पाठवतात, त्यांतली एक. थोडक्यात, नाही म्हणण्याचा पगार घ्यायचे. लग्न केलं नाही, बदल्या झाल्या तिकडे गेले, आणि शेवटी आईवडिलांच्या वाडीत येऊन राहिले. आल्या आल्या शाखेच्या अध्यक्षांनी मला गाठलं. ते विमान दुरुस्तीतले, आवाज इंजिनाच्या वरताण. म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर छान आहे." जन्मभर नाही म्हणण्याचा पगार घेतलेल्या बाईला तेवढ्या वेळी मात्र नाही म्हणता आलं नाही. तेव्हापासून सूचना काढणं, वक्ता शोधणं, प्रोजेक्टर मागून आणणं, कोण येणार म्हणून घरोघर फोन करणं, आणि न आलेल्यांचा चहा वाडीत ओतून देणं, हे माझं काम आहे.

आमच्यात एक रीत आहे. कोण काय करत होता, ते विचारायचं नाही. कुठल्या गावी होतात, कॉलनीत पाणी कसं होतं, साहेब कसा होता, हे सगळं विचारावं. काय बनवत होतात, हे नाही. रीत कुणी शिकवत नाही, ती अंगात मुरलेली असते. आमच्याकडे व्याख्यानात आलेख दाखवतात त्यावर आकडे नसतात. आडवी रेघ, उभी रेघ, मधे एक वळण. वक्ता म्हणतो, "इथून ते असं वर जातं आणि मग असं खाली येतं." काय वर जातं, किती जातं, त्यानेही सांगायचं नाही, आम्हीही विचारायचं नाही. एकदा एका वक्त्याचा आलेख अख्खं व्याख्यानभर उलटा होता. कुणाला कळलं नाही. त्यालाही शेवटीच कळलं, आणि तेव्हाही टाळ्या पडल्याच.

अशा लोकांचा सत्कार करायचा म्हणजे काय करायचं सांगा. पण मुख्य कार्यालयाचं दर वर्षी फर्मान येतं: शाखेतल्या एका ज्येष्ठ सभासदाचा गौरव करावा, मानपत्र द्यावं, फोटो पाठवावेत. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मी अध्यक्षांना फोन केला आणि विचारलं, यंदा कोण?

"आता उरलंय कोण?" ते म्हणाले. मग स्वतःच, "थळचे सर राहिलेत की."

थळचे सर म्हणजे आमचे शेवटच्या खुर्चीवरचे. खांबाला टेकून बसायचे, व्याख्यान सुरू झालं की डोळे मिटायचे, आणि सगळे गेले की माझ्याबरोबर खुर्च्या एकात एक घालून रचायचे. बोलणं कमी. दारूगोळ्याच्या एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्या कारखान्याची वस्ती एवढी मोठी होती की तिथे शाळा होती, दवाखाना होता, भाजीबाजार होता. तिथे नोकरी केली म्हणजे काय केलं, हे त्यावरून कळत नाही. तिथे तर न्हावीही होता.

सत्काराची बातमी पोचली त्याच आठवड्यात त्यांची बायको माझ्याकडे आली. त्यांना मी वहिनी म्हणते. थळहून अलिबाग, अलिबागहून नागाव, मिनीडोर रिक्षा बदलत आल्या होत्या. हातात पांढऱ्या कांद्याची माळ. पडवीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि कांदे पुढे सरकवून थेट विषयाला आल्या.

"ताई, मानपत्रात काय लिवनार?"

"लिहू की. त्यांची सेवा, त्यांचं उल्लेखनीय योगदान..."

"म्हंजे काय?"

मी उठून कांद्याची माळ खुंटीला लावली. या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नसतं, गप्प बसणं असतं.

"मला शानपन शिकवू नका," त्या म्हणाल्या. रागावून नाही, दमून. "ती दोन शब्दं मी त्यांच्या रिटायरमेंटला ऐकली. मला सांगा, माझी मुलगी झाली तवा ह्ये नव्हते. सासू गेली तवा नव्हते. साहेबाकडं मानूस धाडला तर निरोप आला, कामावर हायेत, सोडता येनार न्हाय. त्यांच्या आईला अग्नी दिरानं दिला. आसं काय काम व्हतं? मुलगा म्हनतो, बाबा कारकून असतील, मोठेपना मिरवतात. गावात तर काय बोलतात ते इचारू नका. मी इतकी वर्सं गप ऱ्हायले. आता त्यांच्या छातीत कळा येतात. त्यांचं काय खरं न्हाय. ते हायेत तवर एकदा चार लोकांत सांगा, यांनी आयुष्यभर काय केलं. त्यांच्या देखत मला ऐकू द्या. मग माझं काय म्हननं न्हाय."

मी म्हटलं, बघते. त्या गेल्यावर मी स्वतःवरच चिडले. मला त्या वर्षी राजीनामा द्यायचा होता. तो सत्काराच्या सभेतच वाचून दाखवावा, असं ठरवूनही झालं होतं. आणि आता ही कांद्याची माळ खुंटीला लटकून माझ्याकडे बघत होती.

पहिल्यांदा अध्यक्षांना विचारलं. त्यांच्या ओळखी फार, कुणाबद्दलही विचारा, ते आठवणी सांगतात. थळच्या सरांबद्दल त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "माणूस सज्जन." मी म्हटलं, ते मलाही माहीत आहे. ते म्हणाले, "मग लिहा ना तेच."

मग मी थळला गेले. घर खत कारखान्याच्या रस्त्यावर, आत वळून. सर ओटीवर आरामखुर्चीत बसले होते. बरेच उतरले होते. मी मानपत्राचं काढलं तसे हसले. "लिहा, इमानेइतबारे नोकरी केली. खोटं नाही ते."

"सर, वहिनींना ऐकायचंय."

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. आवाज उतरवून म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतं तर रोज संध्याकाळी दाराकडे बघत बसली असती. काय उपयोग होता?"

"पण आता?"

"आता जिभेला सवय राहिली नाही," ते म्हणाले. "आणि मॅडम, गुप्ततेची सही केलीय. तुम्हीही केली असेल."

मी केली होती. आमच्या सगळ्यांच्याच सह्या कुठे कुठे पडलेल्या आहेत. निवृत्तीनंतर पेन्शन सुरू होतं, पण ती सही काही निवृत्त होत नाही.

बोलता बोलता त्यांनी छातीवर हात ठेवला. खिशातून एक डबी काढली, बारीकशी गोळी जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटून बसले. कळ ओसरली असावी, चेहऱ्यावर जरा रंग आला. मग त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. वहिनी हात पुसत दारात आल्या होत्या. त्या धावल्या नाहीत. त्या नुसत्या त्यांच्या कपाळावरच्या हातांकडे बघत राहिल्या. इतका वेळ बघत राहिल्या की मलाच उठून पाणी आणावं लागलं. तेव्हा मला वाटलं, बाई भेदरली आहे.

शेवटचा उपाय म्हणून मी मजकूर लिहिला आणि परवानगीसाठी पाठवला. असा नियम आहे. सरांच्या जुन्या खात्यातून एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. अतिशय नम्र मुलगा. जन्मगाव ठेवा म्हणाला, शिक्षण ठेवा, निवृत्तीही ठेवा. मधलं सगळं काढा. मी त्यात तसं काहीच लिहिलं नव्हतं, रात्रंदिवस, जोखमीचं, जबाबदारीचं, असे शब्द होते. तो म्हणाला, "मॅडम, जोखमीचं कशाला? उल्लेखनीय योगदान लिहा."

"कशात?" मी विचारलं.

"कशात ते लिहिलं नाही तरी वाक्य पूर्ण होतं, मॅडम."

मी फोन ठेवला. मला त्याचा राग येईना, कारण त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. नेमकं तेवढ्याचंच मला वाईट वाटलं. वहिनींना फोन करून सांगितलं, जमलं नाही. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा तोडून बोलतील. त्या म्हणाल्या, "ऱ्हावद्या ताई. तुमी दमू नका. मला दोन शब्द बोलू द्या म्हंजे झालं."

सत्काराच्या दिवशी मंगळवार असूनही पडवी भरली. उरणची मंडळी करंज्याची तर वेळेवर मिळाल्याच्या आनंदात आली होती. थळहून सरांचे नातेवाईक एक टेम्पो करून आले होते, आणि मुलगा मोबाईल धरून पहिल्या रांगेत उभा. अध्यक्षांनी देशाच्या सीमा, आत्मनिर्भरता आणि स्वतःची एक जुनी विमानाची गोष्ट असं सगळं घेतलं. मग शाल. मग श्रीफळ. चारी बाजूंनी नारळाची झाडं, आणि आम्ही एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात सोललेला नारळ देऊन फोटो काढत होतो. मी मानपत्र वाचलं. जन्मगाव, शिक्षण, उल्लेखनीय योगदान, निवृत्ती. माझा आवाज मलाच रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा वाटला. टाळ्या पडल्या. थळच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मुलाने मोबाईल खाली केला. सर शाल सावरत खाली बघत होते, आणि मला त्या क्षणी या संस्थेचा, तिच्या शाली-नारळांचा आणि माझ्या चांगल्या अक्षराचा मनापासून वीट आला.

"आता सौभाग्यवती दोन शब्द बोलतील," अध्यक्ष म्हणाले. असं म्हणायची पद्धत असते. बायका उठून, नमस्कार करून, आभारी आहे म्हणून बसतात.

वहिनी उभ्या राहिल्या. माईक त्यांनी घेतला नाही.

"मला बोलता येत न्हाय," त्यांनी सुरुवात केली. "आनि मी कोनाला काय इचारनार पन न्हाय. तुमच्यात इचारत न्हायती, ते मला आता ठावं झालंय. मी आपली माझी गोष्ट सांगते. आमी कॉलनीत ऱ्हायचो. दिवाळीला, गनपतीला गावाला यायचो. सुट्टी संपून परत गेलो की पयल्या दिवशी ह्ये कामावरून यायचे ते डोकं धरूनच. उलट्या व्हायच्या. मी फडकं बांधायची, सुंठ उगाळून लावायची. काय झालं म्हनून इचारलं की म्हनायचे, ऊन लागलं. दिवाळीनंतरच्या थंडीत यांना ऊन लागायचं!"

थळची मंडळी हसली. सरही किंचित हसले.

"दोन-तीन दिस डोकं दुखायचं, मग बंद. मग रोज कामावर गेले तरी काय न्हाय. पुन्हा सुट्टी, पुन्हा कामाचा पयला दिस, पुन्हा डोकं. मी म्हनायची, तुमाला कामाचा कंटाळा हाय, दुसरं काय न्हाय."

पुन्हा हसू आलं. पण आता फक्त एका बाजूने. आमच्या संस्थेची बाजू गप्प झाली होती. उरणचे एक सभासद खुर्चीत ताठ बसले. अध्यक्षांनी हातातल्या पुष्पगुच्छाचा कागद चुरगाळणं थांबवलं.

"आता डागदरनं ही जिभेखालची गोळी दिली," वहिनी म्हणाल्या. "पयल्यांदा घेतली, कळ थांबली, आनि ह्ये डोकं धरून बसले. ते डोकं मी ओळखलं. ओळखनार न्हाय तर काय, येवढी वर्सं दाबलंय. मी अलिबागला औषधाच्या दुकानात गेले आनि इचारलं, बाबा, ही गोळी हाय तरी कशाची? त्यानं मला सांगितलं. हसत हसत सांगितलं, आजी, भिऊ नका म्हनाला."

आमच्याकडे, म्हणजे संस्थेच्या खुर्च्यांकडे, त्यांनी एकदा नीट पाहिलं.

"काय सांगितलं ते मी हितं बोलनार न्हाय," त्या म्हणाल्या.

वाचणाऱ्याला मात्र सांगायला हवं, आणि यात गुपित काही नाही, पुस्तकांत छापलेलं आहे. तोफेच्या आणि रॉकेटच्या दारूत एक तेलकट द्रव पडतो. त्याची नुसती वाफ लागली, हाताला जरासा स्पर्श झाला, तरी अंगातल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि डोकं फुटेल असं दुखतं. रोज तिथे जाणाऱ्याच्या शरीराला दोन-तीन दिवसांत सवय होते आणि दुखणं थांबतं. सुट्टी घेतली की सवय मोडते, आणि परतल्यावर पहिल्या दिवशी सगळं पुन्हा भोगावं लागतं. हृदयाची वाट मोकळी करणारी ती गोळी त्याच कुळातली. म्हणून ती घेतली की तेच डोकं दुखतं. आमच्या धंद्यात सुट्टीनंतरची डोकेदुखी एवढं म्हटलं की पुढचं बोलावं लागत नाही.

म्हणजे हा माणूस टेबलामागे बसलेला नव्हता. ज्या इमारतीत आत जाताना अंगठी काढून ठेवतात, चपलेला खिळा चालत नाही, आणि जिच्या चहूबाजूंनी मातीचे उंच बांध घालतात, म्हणजे स्फोटात एक इमारत गेली तर शेजारची राहावी, त्या इमारतीत तो रोज सकाळी जात होता. एकदा काम सुरू झालं की ते अर्ध्यावर टाकून उठता येत नाही, घरून कसलाही निरोप आला तरी. आणि संध्याकाळी घरी येऊन तो भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करत होता.

"मी सासू गेल्यावर लई दिस यांच्याशी बोलले न्हाय," वहिनी म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता. "मला वाटायचं, यांना घराची फिकीर न्हाय. ह्ये सगळं गिळून बसले. मला सांगितलं असतं तर मी भ्याले असते. मी रागावले, भांडले, पन भ्याले न्हाय. येकदा पन न्हाय. येवढं यांनी माझ्यासाठी केलं. कारखान्यासाठी काय केलं ते तुमचं तुमाला ठावं."

आणि त्या बसल्या.

थळच्या लोकांना वाटलं, बाई नवऱ्याच्या आजारपणाबद्दल बोलली. त्यांनी मोठ्याने टाळ्या वाजवल्या. आमच्या बाजूने कुणी वाजवली नाही. जन्मभर सह्यांनी बांधलेल्या आम्हा लोकांसमोर एका बाईने सगळं सांगितलं होतं आणि एकही शब्द बाहेर जाऊ दिला नव्हता. आमच्या रीतीत राहूनच. मुलगा आईकडे बघत होता, मग बापाकडे, मग आमच्या खाली घातलेल्या मानांकडे. त्याला नक्की काय ते कळलं नसेल, पण आपला बाप कारकून नव्हता एवढं त्या मानांवरून कळलं असावं. त्याने पुढे होऊन बापाच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली. सरांनी एक हात कपाळावर ठेवला होता आणि तो बराच वेळ काढला नाही. अध्यक्ष, ज्यांना कुठल्याही विषयावर बोलता येतं, ते उभे राहिले आणि म्हणाले, "चहा घेऊया."

माझा राजीनामा पिशवीतच राहिला. नंतर मी तो पाठवला, पण तो मंजूर करायला सभा लागते, सभेला गणसंख्या लागते, आणि गणसंख्येसाठी फोन सचिवाने करायचे असतात. तेव्हा आहे तिथेच आहे.

चहा झाल्यावर वहिनी माझ्या मागोमाग मोरीत आल्या आणि न विचारता कप विसळायला बसल्या. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, बरोबर हाय ना? त्येच ना?"

इतक्या वर्षांत या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं, मला माहीत नाही. ते तोंडापर्यंत आलंही. पण मी फार दमले होते. त्या दिवसाने नाही, सगळ्याच वर्षांनी.

"वहिनी," मी म्हटलं, "मी तपासणीला अशा ठिकाणी जायचे. रोज नाही, मधून मधून. त्यामुळे सवय अशी कधी झालीच नाही. माझा दर वेळी पहिलाच दिवस असायचा. दर वेळी डोकं दुखायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नळ बंद केला.

"मग तुमचं कोन दाबायचं?" त्यांनी विचारलं.

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सरकारी विश्रामगृहातल्या खोल्या आठवल्या, खिडकीला लावलेला टॉवेल आठवला, आणि अंधारात उताणं पडून उद्या सकाळी कुठल्या मालाला नाही म्हणायचं, याचा विचार करणारी मी. "कुणी नाही," मी म्हटलं. मग त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि माझ्या कपाळावर ठेवला. त्या वेळी माझं डोकं दुखत नव्हतं, तरी मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं, आणि मग उरलेले कप विसळले.

मध्यंतरी मी पुन्हा थळला गेले होते, सत्काराचे फोटो द्यायला. सर आता ओटीवर फारसे येत नाहीत. आत पलंगावर होते. माझ्यासमोरच छातीत कळ आली, वहिनींनी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली, आणि थोड्या वेळाने त्यांचे हात आपोआप कपाळाकडे गेले. वहिनींनी ते बाजूला केले. उशाशी बसल्या, एक जुनं मऊ फडकं घेतलं आणि त्यांच्या डोक्याभोवती बांधायला लागल्या. किती सफाईने बांधत होत्या.

"आज कामावर गेला व्हता वाटतं?" त्यांनी विचारलं.

मी फोटो हातात धरून उभी होते. वाटलं, आता ऊन लागलं म्हणतील.

सरांनी डोळे उघडले नाहीत. कॉलनीत राहून राहून त्यांची गावची बोली कधीच सुटलेली होती. पण त्या दिवशी ते वहिनींच्याच बोलीत बोलले.

"व्हय," ते म्हणाले. "आत्ताच आलो."

वहिनींनी फडक्याची गाठ घट्ट केली आणि त्यांचं डोकं दाबू लागल्या.